बेलथरचं पहिलं विमान

कोलकात्याच्या विमानतळावर गार झालेला सामोसा हातात धरून मी बसलो होतो, तेव्हा मन्मथचा फोन आला.

"कुठवर आलास?" त्याने विचारलं.

"कोलकात्यात आहे. दोन विमानं झाली, दोन राहिलीत. मग औरंगाबादहून गाडी."

"म्हंजे येतोस म्हण की वेळंवर."

"मी येतो रे. तू बेलथरला घरी पोचलास का, ते सांग."

"पोचतो की. आमचा शिवकांत सोडायलाय मला. तू माझी काळजी करू नको. खिडकी कोणाची, तेवढं ठरवून ठेव."

एरवी मन्मथ बोलायला लागला की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. दुकानाच्या गल्ल्यावर बसून रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाशी बोलायची त्याची जन्मभराची सवय. त्या दिवशी मात्र मी दुसऱ्या कानात बोट घातलं, तरी शब्द नीट येईनात. इथे गोंगाट फार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. गोंगाट तसा काही नव्हता.

या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं झाली. चहाच्या कारखान्यांतली वाळवणी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी नोकरीला होतो आणि महिन्यातले निम्मे दिवस विमानात काढत होतो. इतकं फिरल्यावर माणसाला विमानाचा कंटाळा यायला हवा. मला उलट एक खूळ लागलं. नव्या मार्गावर पहिलंवहिलं विमान सुटणार असलं की त्यात जाऊन बसायचं. तिथे काम असो नसो. पुष्कळदा तर नव्या गावात उतरून, एक चहा पिऊन, त्याच विमानाने मी परत आलो आहे. आमच्या घरी याला रिकामपणाचे उद्योग असं नाव होतं, आणि ते काही चूक नव्हतं.

मन्मथ खानापुरे मला असाच एका डोंगरातल्या गावाच्या पहिल्या विमानात भेटला. बेलथरला त्याचं बी-बियाणांचं दुकान. एका वर्षी खप चांगला झाला म्हणून कंपनीने त्याला विमानाने सहलीला नेलं, आणि हा गडी परत आला तो खूळ घेऊनच. उतरताना त्याने मला फोन नंबर देऊ केला, पण कार्ड त्याच्याकडे नव्हतं. मग स्वतःच्या बोर्डिंग पासचा जो अर्धा तुकडा हातात उरतो, त्याच्या मागे नंबर लिहून त्याने मला दिला. मी माझा त्याला दिला. पुढच्या विमानात पुन्हा तेच केलं आणि तो आमचा नियम झाला. विमान उतरल्यावर एकमेकांचे पास घ्यायचे, तेही हातात. पोस्टाने पाठवायचे नाहीत.

त्यामुळे माझ्या बिस्किटांच्या डब्यात जेवढे पास आहेत, त्या सगळ्यांवर खानापुरे मन्मथ असं नाव आहे. आणि त्याच्या डब्यात सगळीकडे टिपणीस वसंत.

आमचं एकाच गोष्टीवरून जमत नसे. नव्या विमानतळावर पहिलं विमान कुठलं धरायचं, जे येऊन उतरतं ते, की तिथून जे उडतं ते? मी म्हणायचो, उतरल्याशिवाय उडणार कसं? तेव्हा उतरतं ते पहिलं. मन्मथला हे अजिबात मान्य नव्हतं. उतरायचं काय, विमान वाट चुकूनही उतरतं, असं तो म्हणायचा. गावातला माणूस चढला आणि विमान उडालं, तेव्हा गाव खरं सुरू झालं. यावरून आम्ही विमानात, टॅक्सीत, लग्नाच्या पंगतीत भांडलो आहोत. वीस वर्षांत तो एक पाऊल मागे सरला नाही.

तो असं का म्हणतो ते मला ठाऊक होतं. त्याच्या बेलथरला धावपट्टी होती, पण विमान नव्हतं. कुठल्याशा जुन्या सरकारने बांधून ठेवलेली ती पट्टी. तिच्यावर लोक तूर वाळवायचे, पोरं मोटारसायकल शिकायची, शेळ्या बसायच्या. मन्मथ दुकान बंद केल्यावर तिथे फिरायला जाई. सगळ्या देशाच्या पहिल्या विमानांत बसलो, आपल्या गावाचं तेवढं राहिलं, असं दर भेटीत म्हणे.

अखेर ते विमान जाहीर झालं, आणि त्याच सुमारास मन्मथच्या पोटात गाठ निघाली. उपचारासाठी तो हैदराबादला मुलाकडे, शिवकांतकडे गेला. इकडे उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने पुढे ढकलली. पहिल्यांदा ढकलली तेव्हा मन्मथने फोनवर मला अर्धा तास शिव्या ऐकवल्या. दुसऱ्यांदा ढकलली तेव्हा शिव्या दिल्या नाहीत. "पुढची तरी नक्की धरतील ना रे?" एवढंच विचारलं. त्या प्रश्नाने मी घाबरलो. आपल्या गावाच्या पहिल्या विमानात बसायला हा माणूस राहतो की नाही, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

तिसरी तारीख अचानक पक्की झाली. मी दिब्रुगडला होतो. विमान सकाळी हैदराबादहून बेलथरला येणार आणि तासाभरात तिथून उलट हैदराबादला जाणार होतं. शहाण्या माणसाने काय केलं असतं? कोलकात्याहून सरळ हैदराबाद गाठून सकाळी तेच विमान पकडलं असतं. पण मन्मथने आधीच बजावलं होतं की चढायचं ते बेलथरला, तोवर तो घरी आलेला असेल, आणि माझ्या शेजारची जागा तो स्वतः काढणार होता. माझं मत वेगळं होतं तरी मी हूं म्हटलं. आजारी माणूस आहे, यावेळी जिंकू दे त्याला. म्हणून मी गुवाहाटी, कोलकाता, मुंबई, औरंगाबाद आणि पुढे पाच-सहा तास गाडी असा सगळ्या देशाला वळसा घालणारा रस्ता धरला.

कोलकात्यात माझ्या शेजारच्याच गेटवर हैदराबादची रांग लागली होती. मी सामोसा संपवत ती रांग आत जाईपर्यंत बघत होतो.

बेलथरला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मन्मथचं दुकान बंद. उद्याच्या गडबडीत लवकर बंद केलं असेल, असं मी धरून चाललो. लॉजवर सामान टाकून फोन लावला तर महानंदावहिनींनी उचलला. ते झोपलेत, सकाळी विमानतळावरच भेटा म्हणाले, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मी घरी येऊन जातो म्हटलं, तर घरात पाहुणे फार आहेत, नका येऊ, म्हणाल्या. त्यांच्या मागे कुठेतरी लिफ्टची घंटा वाजली. बेलथरमध्ये लिफ्ट असलेली एकही इमारत नव्हती, पण दोन दिवसांच्या प्रवासाने माझं डोकं जागेवर नव्हतं.

सकाळी विमानतळावर लग्नघर झालं होतं. नव्या रंगाचा वास, झेंडूची तोरणं, मंडपात लावलेली सनई. गावातल्या बायका विमानाला ओवाळायला निरांजनं घेऊन आल्या होत्या. विमानाजवळ ज्योत चालणार नाही, असं तिथला तरुण अधिकारी हात जोडून सांगत होता. शेवटी बायकांनी निरांजनं शांत केली आणि नुसतं हळदकुंकू ठेवलं. नारळ कुंपणाबाहेर फोडला आणि करवंटीचे बारीक तुकडे त्या अधिकाऱ्याने स्वतः वाकून वेचले, इंजिनात गेले तर घात व्हायचा म्हणून.

पाण्याच्या टँकरवरून मात्र मंडपात कुरकुर चालू होती. पहिल्या विमानावर दोन्ही बाजूंनी पाण्याच्या कमानी उडवायची पद्धत असते. बेलथरला नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि इथे टँकरभर पाणी विमानाच्या डोक्यावर ओतणार. तेव्हा एकदाच उडवा, असं ठरलं होतं. एरवी उतरणाऱ्या विमानावर उडवतात. इथे जाणाऱ्या विमानावर उडवायचं होतं, कारण खानापुरे अप्पांनी हैदराबादहून फोन करून तसा हट्टच धरला होता. हे ऐकून मला हसू आलं. अंथरुणावरून सुद्धा याने आपलंच खरं केलं.

मी काउंटरवर पास घेतला आणि शेजारी खानापुरे आहेत ना, म्हणून विचारलं.

मुलीने यादी पाहिली. "खानापुरे नावाचं या विमानात कोणी नाही, सर."

मी पुन्हा बघायला लावलं. पुन्हा नाही. माझ्या शेजारी गुळाचे एक व्यापारी होते. मन्मथचा फोन बंद. वहिनींचा बंद. शिवकांतचा बंद. प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या एका नव्या खुर्चीवर मी बसून राहिलो. नको ते सगळं मनात येऊन गेलं. काल रात्री वहिनी 'ते झोपलेत' म्हणाल्या होत्या, ते खरं होतं का, इथपर्यंत माझी मजल गेली.

तेवढ्यात आरडाओरडा झाला आणि विमान उतरलं. त्या दिवशी नियम थोडे सैल होते. फोटोसाठी आम्हा प्रवाशांनाही बाहेर विमानापर्यंत जाऊ दिलं. कुंपणापलीकडे म्हातारी माणसं डोळे पुसत होती. शिडीवरून लोक उतरत होते, गळ्यात हार पडत होते, सनई चालूच होती. सगळे उतरले, तरी दार मोकळं होईना. मग दोन हमालांनी एक खुर्ची उचलून सावकाश खाली आणली.

खुर्चीत मन्मथ होता. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा स्वच्छ शर्ट, आणि त्या शर्टात माणूस जवळजवळ नव्हताच. मागून वहिनी पिशवी घेऊन उतरत होत्या, त्यांच्या मागे शिवकांत.

मी जाऊन त्याच्यासमोर उकिडवा बसलो. तो माझ्याकडे बघून हसला.

"टिपणीस," तो म्हणाला, "तू म्हणायचास तेच खरं बघ. उतरतं तेच पहिलं."

वीस वर्षांत जो कधी मागे सरला नाही, त्याने हे म्हटलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी चिडलो होतो. "हैदराबादहून येणार होतास तर सांगायचं ना. मी कोलकात्याहून सरळ तिकडे आलो असतो. शेजारी बसून आलो असतो आपण."

"म्हणून तर नाही सांगितलं."

म्हणजे काय, ते मला समजलं नाही. मी म्हटलं, बरं, मी काही आता जात नाही, तुझ्याबरोबर घरी येतो. त्याने माझं मनगट धरलं. बोटं गरम होती आणि पकड नव्हती.

"नाही. तू बसायचं," तो म्हणाला. "इथून पहिलं विमान उडायलंय आणि त्यात आपलं माणूस नसंल तर काय उपयोग? मी खाली थांबतो. पाण्याच्या कमानीखालून विमान जातंय, ते आपण कधी भाईरून बघितलंय का?"

खरंच बघितलं नव्हतं. आम्ही नेहमी आत. आतून ती सलामी म्हणजे कोणीतरी खिडक्या धुतोय असं वाटतं.

त्याने खिशातून अर्धा पास काढून माझ्या हातात दिला. "घे. आता तुझा."

"माझा आत्ता कसा देऊ? दाखवल्याशिवाय चढू देणार नाहीत."

"मग उद्या आणून दे. हातात दे पण. पोस्टानं नको."

"उद्याच येतो," मी म्हटलं.

"ये," तो म्हणाला.

मी विमानात जाऊन खिडकीशी बसलो. शिवकांतने खुर्ची मंडपाच्या कडेला नेली होती. वहिनी मागे उभ्या राहून त्याच्या डोक्यावर पदर धरत होत्या. विमान वळलं, आणि दोन्ही बाजूंनी पाणी उडालं. उन्हात ते किती उंच गेलं असेल, बाहेरून कसं दिसलं असेल, मला माहीत नाही. माझ्या काचेवरून नुसते ओघळ खाली आले. ते ओसरले तोवर आम्ही बरेच पुढे गेलो होतो. पांढऱ्या शर्टाचा एक ठिपका दिसला आणि त्याचा हात वर होता, असं मला वाटतं. मला तसं वाटून घ्यायचं आहे.

विमान उडालं तसा मी रडायला लागलो. शेजारचे गुळाचे व्यापारी डोळे मिटून नामस्मरण करत होते. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात थोपटला. "घाबरू नका," ते म्हणाले, "हे लई वेळ चालत नसतंय म्हणं."

दुसऱ्या दिवशीचं बेलथरचं विमान रद्द झालं. नव्या मार्गांवर असं होतं. ते रात्रीच कळलं, म्हणून मी पहाटेची बस पकडली. रस्ता खराब होता, दोन ठिकाणी पुलांची कामं चालू होती, बस थांबत-थांबत गेली. बेलथरला पोचायला दुपार उलटली. मन्मथच्या घराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. तो मी कोपऱ्यावरूनच पाहिला, आणि तरी घरापर्यंत चालत गेलो.

तो सकाळी गेला होता. ते लिंगायत, त्यांच्यात बसवूनच नेतात. मांडी घालून, मागे उशी देऊन, भस्म लावून त्याला बसवलं होतं. खिडकीची जागा मिळाली की तो असाच ताठ बसायचा. माझा पास माझ्या शर्टाच्या खिशात होता. आता तो कोणाच्या हातात द्यायचा, हे मला कळेना. संध्याकाळी त्याच्याच शेतात माती दिली.

मी दोन दिवस तिथेच राहिलो. निघायच्या आधी महानंदावहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्या हातात मन्मथचा डबा होता. माझ्यासारखाच, फक्त याचा पत्रा जास्त गंजलेला.

"तुम्ही रागावलात का, भाऊजी?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला सांगितलं नाही म्हणून?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग त्या बोलल्या. महिन्यापूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता करण्यासारखं काही उरलं नाही. त्यावर मन्मथ म्हणाला, मला बेलथरला न्या. पण गाडीने नऊ तासांचा रस्ता, आणि तो रस्ता त्यांना सोसणार नाही, वाटेतच काहीतरी होईल, असं डॉक्टर म्हणत होते. मग तो म्हणाला, विमान सुरू होणार आहे, तोवर थांबतो.

"तारीख पुढं गेली की भिंतीकडं तोंड करून पडायचे," वहिनी म्हणाल्या. "जेवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून बसायचे. घरी जायचंय म्हणायचे."

"मला कळवलं असतं तर मी आलो असतो, वहिनी. तासभर तरी शेजारी बसलो असतो."

"तेच नको होतं त्यांना. म्हणाले, टिपणीसला सांगितलं तर तो इकडं येईल, मग बेलथरहून उडणाऱ्या विमानात आपलं कोण? तुम्ही गेल्यावर किती वेळ वर बघत होते. पाणी वाळलं तरी घरी चला म्हणले नाहीत."

आम्ही दोघे इतक्या पहिल्या विमानांत बसलो. त्यातल्या एकाही गावाला आम्हाला जायचं नव्हतं. चहा पिऊन परत फिरायचो आणि त्याला पराक्रम म्हणायचो. आमच्या सगळ्या विमानांत हे एकच कोणाला तरी खरोखर हवं होतं. त्यात तो एकटा आला, आणि मी मात्र त्याला जिंकू द्यायचं म्हणून वळसा घालत बसलो.

वहिनींनी डबा उघडला. "एक मागायचं होतं तुमच्याकडं. यात सगळे तुमच्या नावाचे आहेत. घरात त्यांच्या नावाचा एकही नाही. उद्या कोणी विचारलं, खरंच बसले होते का एवढ्या विमानांत, तर दाखवायला काय आहे? एक द्या मला, त्यांच्या नावाचा."

सगळा डबा पाठवतो, मी म्हणालो. सगळा नको, त्या म्हणाल्या, तो तुमचा आहे, एक पुरे.

माझ्या खिशात दोन पास होते. मी त्याचा काढून त्यांना दिला. त्यांनी बोट ठेवत नाव वाचलं, मग खालची ओळ. हैदराबाद ते बेलथर.

"हा घरी यायचा," त्या म्हणाल्या, आणि पदराच्या टोकात तो गुंडाळून ठेवला.

मग मी माझा पास त्याच्या डब्यात सगळ्यांच्या वर ठेवला. नियमाप्रमाणे तो तिथलाच होता. झाकण जुनं झालं होतं, नीट बसेना. मी दोन्ही तळव्यांनी दाबून बसवलं आणि डबा वहिनींकडे दिला.

त्यानंतर मी कुठल्याही पहिल्या विमानाला गेलो नाही. कामाची विमानं निवृत्त होईपर्यंत चालूच राहिली. उतरलो की हात सवयीने खिशात जायचा, अर्धा पास बाहेर काढायचा, आणि मी शेजारी बघायचो. मग बाहेर पडताना दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात तो टाकून द्यायचो.